सोसायटीतल्या पावसाच्या पाण्याला थोपवायचं कसं? नाशिकमध्ये पहिली रेन गार्डन करणाऱ्यांसाठी

दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की नाशिककर गोदाकाठी पूर बघायला जातात. तो पूर नदीचा. वर त्र्यंबक-अंबोलीकडे धुवाधार कोसळतो, गंगापूर धरणातून विसर्ग वाढतो आणि रामकुंडाच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. २००८, २०१६ आणि २०१९ साली असंच झालं. तुम्ही सोसायटीच्या आवारात काहीही केलंत तरी हा पूर अडणार नाही, एवढं आधीच सांगून टाकतो.

दुसरा पूर मात्र नदी शांत असतानाही येतो. पाऊणएक तास जोराची सर येते आणि सराफ बाजारात, दहीपुलाखाली पाण्याचे लोंढे सुरू होतात. गावातून वाहणाऱ्या सरस्वती नाल्यावर कधीच शहर चढलं. पाण्याला मात्र जुनीच वाट आठवते. गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, नाशिकरोड इथली गोष्ट वेगळी दिसते, पण कारण तेच. गच्चीवर कोबा, अंगणात पेव्हर ब्लॉक, रस्त्याला काँक्रीट. थेंब पडला की तो थेट चेंबरकडे धावतो, आणि सगळ्यांचेच थेंब एकाच वेळी तिथे पोचतात. हा लेख या दुसऱ्या पुराबद्दल आहे. त्यात आपल्या हातात बरंच काही आहे.

हातात असलेली गोष्ट म्हणजे उशीर करणं. पाणी नाहीसं करता येत नाही, पण एका तासात पळणारं पाणी बारा तासांत सोडता येतं. त्यासाठी उथळ, रुंद, झाडं लावलेला एक खळगा करतात. गच्चीचं किंवा अंगणाचं पाणी त्यात येतं, वीतभरापेक्षा थोडं कमी साचतं, सच्छिद्र मातीतून खाली उतरतं आणि उरलेलं ठरवून दिलेल्या वाटेने बाहेर जातं. याला रेन गार्डन म्हणतात. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत १९९०च्या सुमारास ही पद्धत रुजली, चीनने २०१५ मध्ये सोळा शहरांत ‘स्पंज सिटी’ म्हणून मोठे प्रयोग सुरू केले. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात डोंगरउतारावर समतल चर खणतात त्यामागचा विचार हाच. फक्त इथे डोंगराच्या जागी गच्ची आहे.

पण तिकडचे आराखडे जसेच्या तसे उचलू नका. त्यात गृहीत धरलेली माती नाशिकला बऱ्याच ठिकाणी नसते, आणि मेरीलँडमध्ये पाऊस वर्षभर विभागून पडतो. आपल्याकडे तो चार महिन्यांत पडतो आणि पुढचे आठ महिने जमीन तापते.

आधी एक पावसाळा नुसतं बघा

फावडं हातात घेण्याआधी छत्री घ्या. जोराच्या पावसात सोसायटीत एक फेरी मारा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. गच्चीचं पाणी खाली आणणारे डाउनटेक पाइप किती, कुठे उतरतात, पाणी कुठून कुठे वाहतं, पहिल्यांदा कुठे साचतं आणि किती वेळाने ओसरतं, हे टिपा. सिव्हिल ड्रॉइंगवर विसंबू नका. ड्रॉइंगमधला उतार आणि गवंड्याने दिलेला उतार यांची भेट झालेली असेलच असं नाही.

याच फेरीत एक गोष्ट हमखास सापडते: गच्चीचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेला. संडास-बाथरूमच्या लाइनमध्ये पावसाचं पाणी घातलं की ती लाइन फुगते आणि तळमजल्यावरच्या घरात उलटं पाणी येतं. असं असेल तर रेन गार्डन वगैरे नंतर, आधी ते तोडा. हे एकच काम केलं तरी तळमजल्यावरचे लोक तुम्हाला दुवा देतील.

हिशोब

तो सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. चौरस फुटांत सवय असेल तर हजार चौरस फुटांवर एक इंच पाऊस म्हणजे साधारण २,३६० लिटर. चार हजार फुटांची गच्ची असेल तर एका इंचाला जवळजवळ एक टँकर पाणी खाली येतं. मे महिन्यात आपण तोच टँकर पैसे देऊन मागवतो, हे जाता जाता.

नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. त्र्यंबक-इगतपुरीच्या मानाने तो काहीच नाही, पण तो सरासरीने पडत नाही. म्हणून खळग्याचा आकार वर्षाच्या आकड्यावर नाही, एका सरीवर ठरवायचा. पहिल्या प्रयत्नाला २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंचाची सर धरा. तिच्यापेक्षा मोठी सर आली तर जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोने जाईल. सगळाच्या सगळा पाऊस पोटात घ्यायचा हट्ट धरला तर बाग नाही, तलाव करावा लागेल.

उदाहरण घेऊ. एका डाउनटेक पाइपकडे ५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५४० फूट गच्चीचं पाणी येतं. २५ मिलिमीटरला १,२५० लिटर. थोडं गच्ची ओली होण्यात जातं, तर ११०० धरा. सहा चौरस मीटरचा खळगा केला आणि त्यात १५ सेंटिमीटर पाणी उभं राहू दिलं तर वरच ९०० लिटर मावतात. खाली दोन फूट भुसभुशीत मिश्रण असेल तर त्याच्या पोकळ्यांत आणखी सहा-सातशे. झालं की. सहा चौरस मीटर म्हणजे बारा फूट बाय साडेपाच फूट, एका छोट्या कारला लागते त्यापेक्षाही कमी जागा. ढोबळ नियम हवा असेल तर जितक्या जागेचं पाणी घ्यायचं तिच्या दहा ते पंधरा टक्के. मुरमाड जमिनीत याहून कमीत भागतं, चिकट जमिनीत जास्त लागतं.

खोल आणि अरुंद खड्ड्याचा मोह होतो, कारण जागा वाचते. मी त्याच्या विरोधात आहे. खोल खड्ड्यात पाणी दिवसेंदिवस उभं राहतं, मुलं पडण्याची भीती असते, आणि खालचा पाषाण लागला की खड्डा म्हणजे हौद होतो. उथळ आणि पसरट करा.

मातीची परीक्षा

सगळा लेख विसरलात तरी चालेल, पण हा भाग करा. नाशिकची जमीन बसाल्टची. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कातळ, असे थर. कुठे काळी माती आठ फूट, कुठे फूटभर खणलं की मुरूम. पांडवलेणीच्या उताराकडे आणि मखमलाबादच्या मळ्यांत एकच आराखडा चालणार नाही. त्यात बांधकामाच्या वेळी बिल्डरने टाकलेला भराव वेगळाच. विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, काय काय निघतं.

जिथे बाग करायची तिथे दीड फूट खोल, फूटभर रुंद खड्डा खणा. पाण्याने भरा आणि पूर्ण जिरू द्या. काळी माती असेल तर रात्रभर भिजू द्या. ही पायरी गाळणारे फसतात: उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात, पहिलं पाणी त्या गटागटा पितात, आणि आपल्याला वाटतं जमीन उत्तम आहे. भिजल्यावर तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि ती पाण्याला जागाच देत नाही. म्हणून दुसऱ्यांदा भरा. खड्ड्यात मोजपट्टी उभी करा आणि दर तासाला पातळी किती उतरली ते लिहा.

तासाला २५ मिलिमीटर किंवा जास्त उतरलं तर नशीबवान आहात, साधी बाग पुरेल. १२ ते २५ मध्येही काम होतं. १२ च्या खाली गेलं तर न जिरलेलं पाणी बाहेर न्यायला तळाशी छिद्रांचा पाइप घालावा लागेल. कारण हिशोब असा: तासाला १२ मिलिमीटर वेगाने १५ सेंटिमीटर पाणी साडेबारा तासांत जिरतं, पाच मिलिमीटरने तीस तास लागतात, आणि दोन मिलिमीटरने तीन दिवसांहून जास्त. ऑगस्टमध्ये तीन दिवस कोरडे कुठून मिळायचे? पहिलं पाणी जिरायच्या आत दुसरं येतं.

सोबत बाटलीचीही परीक्षा करा. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा, म्हणजे गाळासारखी बारीक माती, तास-दोन तासांत, चिकण माती मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. वरचा थर जाड निघाला तर पाइपची तयारी ठेवा.

जागा

इमारतीच्या प्लिंथपासून, म्हणजे जोत्यापासून, किमान दहा फूट लांब. काळ्या मातीत आणखी लांब, कारण ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. या दोन्हींत कंपाउंडची भिंतही तडकते. अंडरग्राउंड टाकीजवळ अजिबात नको. ड्रेनेजचे चेंबर, पाइप गॅसची लाइन, विजेची केबल कुठून जाते ते सोसायटीच्या जुन्या माणसाला विचारा. कागदापेक्षा प्लंबरच्या डोक्यातला नकाशा जास्त खरा असतो.

मोठ्या झाडाच्या बुंध्याशी खणू नका. मुळं तुटतात आणि पुढच्या वादळात झाड गाडीवर येतं. कुठलंही झाड तोडायचा किंवा हलवायचा विचार असेल तर १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. बागेसाठी झाड तोडणं म्हणजे उलटीच गंमत.

आणि जिथे आत्ताच पाणी तुंबतं ती जागा आपोआप योग्य ठरत नाही. तिथे पाणी तुंबतं म्हणजे बहुतेक तिथली जमीन पीत नाही. तिच्या थोडं वर, उतारावरच पाणी अडवा.

ओव्हरफ्लो आधी, बाग नंतर

नवखे लोक झाडांची यादी घेऊन सुरुवात करतात. सुरुवात करायची ती पाणी बाहेर पडायच्या वाटेपासून. बाग भरली, पाऊस चालूच आहे, आता पुढचं पाणी कुठे जाणार? याचं उत्तर बोट दाखवून देता आलं पाहिजे. ‘जाईल कुठेतरी’ असं उत्तर असेल तर ते पार्किंगमध्ये किंवा लिफ्टच्या खड्ड्यात जाणार.

दोन पद्धती आहेत. एक, खळग्याच्या खालच्या बाजूच्या काठाला दगडी फरशी लावलेली खाच ठेवायची. पाणी तिच्यावरून सांडून पावसाळी गटाराकडे जातं. दुसरी, खळग्यात चार किंवा सहा इंची पाइप उभा करायचा, त्याचं तोंड तळापासून १५ सेंटिमीटर वर, वर जाळीची टोपी, आणि खालून तो पावसाळी चेंबरला जोडलेला. पहिली पद्धत मला आवडते. तिच्यात तुंबण्यासारखं काही नसतं आणि बिघडलं तर डोळ्यांना दिसतं.

कोणतीही निवडा, ओव्हरफ्लोची पातळी आजूबाजूच्या अंगणापेक्षा दोन-तीन इंच खाली हवी आणि प्लिंथपेक्षा तर बरीच खाली. ही पातळी नजरेने ठरवू नका. गवंड्याकडे पाण्याची लेव्हल ट्यूब असते, तिने काढा. ड्रेनेजच्या लाइनमध्ये ओव्हरफ्लो सोडायचा नाही, हे वर सांगितलंच.

खोदाई आणि भराव

काम फाल्गुन-चैत्रात उरका. माती कोरडी असते, मजूर मिळतात आणि मृग लागायच्या आत सगळं बसतं. ओल्या काळ्या मातीत खणलं की पावलांनी ती दाबली जाते आणि तळाला जणू प्लॅस्टर होतं. जेसीबी बोलावलात तर त्याला खळग्याच्या बाहेर उभं राहून खणायला सांगा, आत चाक जाऊ देऊ नका. शेवटचा थर पहारीने उकरून खडबडीत ठेवा.

वरच्या उदाहरणातली सहा चौरस मीटरची बाग धरली तर खोली अशी: तळाला २० सेंटिमीटर खडी, वर ६० सेंटिमीटर मिश्रण, वर पाणी उभं राहायला १५ सेंटिमीटर. एकूण तीन फुटांहून किंचित जास्त. म्हणजे दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती निघणार, आणि खणली की ती फुगून अडीच ब्रास होते. ती कुठे टाकायची ते खणायच्या आधी ठरवा. निम्म्या सोसायट्यांमध्ये भांडण बागेवरून होत नाही, गेटजवळ महिनाभर पडलेल्या ढिगाऱ्यावरून होतं. थोडी माती खालच्या बाजूला बांध घालायला वापरता येते.

जमीन पाणी पीत असेल तर खडीचा थर आणि पाइप गाळला तरी चालतं. तेव्हा अडीच फूट खणून नुसतं दोन फूट मिश्रण भरा. जमीन चिकट असेल तर चार इंची छिद्रांचा पीव्हीसी पाइप खडीच्या थरात आडवा ठेवायचा. खडी २० मिलिमीटरची आणि धुतलेली. पाइपला बाहेरच्या बाजूला अगदी किंचित उतार. खडीच्या वर बारीक खडीचा तीन-चार इंचांचा थर, म्हणजे माती खाली झिरपून खडी चोंदणार नाही. काही जण इथे जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी गाळणारं, कापड आडवं अंथरतात. माझं मत विचाराल तर नको. गाळ त्या कापडावरच बसतो आणि वर्षा-दोन वर्षांत त्याचं प्लॅस्टिक होतं. बाजूच्या भिंतींना लावलं तर हरकत नाही. पाइपच्या वरच्या टोकाला एक उभा तुकडा जोडून तोंड जमिनीवर आणा आणि झाकण लावा, पुढे कधी चोंदला तर त्यातून पाण्याचा फवारा मारता येतो.

मिश्रणात साठ टक्के धुतलेली वाळू, वीस-पंचवीस टक्के लाल किंवा गाळाची माती आणि बाकी चांगलं कुजलेलं कंपोस्ट. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घेत असाल तर धुतलेलीच घ्या, तिच्यातली पूड सगळी छिद्रं बुजवते. खोदून निघालेल्या काळ्या मातीत दोन पोती वाळू घालून पैसे वाचवायचा विचार करू नका. त्याने माती मोकळी होत नाही, वाळल्यावर आणखी घट्ट होते. ताजं शेणही नको. त्यातलं नत्र पाण्याबरोबर वाहून नाल्यात आणि तिथून नासर्डी, वाघाडीत जातं. पुढे गोदावरीच.

मिश्रण भरताना धुम्मस मारून दाबायचं नाही. पाणी शिंपडून आपोआप बसू द्या, बसलं की वर भर घाला.

पाणी आत येतं तिथे सर्वात जास्त मार बसतो. पाइपच्या तोंडाखाली मोठे दगड रचा, आणि त्यांच्यापुढे दोन-अडीच फुटांचा छोटा खळगा वेगळा ठेवा, तळाला फरशी टाकून. गच्चीवरचा गाळ, पानं, पतंगांचा मांजा, सगळं तिथे थांबतं. हा भाग फावड्याने उपसता आला की बाग वर्षानुवर्षं टिकते. हा नसला तर गाळ झाडांत पसरतो आणि वरचा थर चिकट होतो.

झाडं

इथे कसोटी दोन टोकांची आहे. ऑगस्टमध्ये पाय दिवसभर पाण्यात, मेमध्ये चाळीस अंशांत कोरडी माती. वेखंडासारखी कायम ओल मागणारी झाडं उन्हाळ्यात जातात, निवडुंग-कोरफड पावसाळ्यात सडतात.

तळाला वाळा उत्तम, मुळं खोल जातात आणि माती मोकळी ठेवतात. कर्दळ, गवती चहा, नागदवणा हेही तग धरतात. काठावर निर्गुडी आणि अडुळसा. दोन्ही छाटून आटोक्यात राहतात आणि कोणाला खोकला झाला की अडुळशाला गिऱ्हाईक मिळतं. जागा मोठी असेल तर नदीकाठची झाडं बघा: करंज, अर्जुन, जांभूळ, तामण. तामण आपलं राज्यपुष्प, वैशाखात फुललं की सोसायटीतले विरोधकही फोटो काढतात. उंबर-पिंपळ भिंतीजवळ आणि पाइपजवळ नको, त्यांची मुळं पाइप शोधत येतात.

खोदाई चैत्रात असली तरी लागवड मृगाचे एक-दोन पाऊस झाल्यावर करा. रोपं छोटी घ्या, दाट लावा. पहिल्या पावसाळ्यात पाणी आत येणारी वाट अर्धी बंद ठेवली तर रोपं उपटून वाहून जात नाहीत. वर आच्छादन म्हणून बारीक गोटे चालतात. वाळलेली पानं आणि भुसा तरंगतो आणि ओव्हरफ्लोच्या जाळीवर जाऊन बसतो.

सभेत काय विचारतील

‘डास होतील’ हा पहिला प्रश्न, आणि तो रास्त आहे. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस घेतो. बाग एक-दोन दिवसांत रिकामी होत असेल तर त्याचं चक्र पुरं होत नाही. म्हणूनच मातीची परीक्षा. ४८ तासांनंतरही पाणी दिसलं तर ती बाग बिघडली आहे असं समजा आणि दुरुस्त करा, समजावत बसू नका. बाकी डासांचा खरा अड्डा गच्चीवरच्या फुटक्या कुंड्या आणि टाकीची उघडी झाकणं असतात, हेही सभेत सांगून टाका.

‘पार्किंग जाईल’ हा दुसरा. जागा खरंच नसेल तर बागेचा हट्ट सोडा. पार्किंगचे पेव्हर ब्लॉक कधीतरी बदलायचेच असतात. तेव्हा खालचं पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, काढून धुतलेल्या खडीचा आठ-दहा इंचांचा थर द्या आणि ब्लॉकच्या फटींत बारीक ग्रिट भरा. फटीत कच, म्हणजे दगडाची भुकटी, भरली की सगळं मुसळ केरात. आत्ता बहुतेक ठिकाणी ब्लॉकच्या खाली काँक्रीटच असतं, त्यामुळे वरून फटी दिसल्या तरी पाणी जात नाही. याशिवाय आवारातल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं, ते माप आपणही घ्यावं.

‘आपल्याकडे रेन वॉटर हार्वेस्टिंग आहे की’ असंही कोणी म्हणेल. राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांवर नव्या बांधकामाला ते लागतंच. पण ते चालू आहे का, हे झाकण उघडून बघा. बोअरच्या बाजूचा खड्डा गाळाने भरलेला असतो, नाहीतर पाइप जोडलेलाच नसतो. एक इशारा: गच्चीचं पाणी फिल्टरमधून बोअरमध्ये सोडणं वेगळं आणि पार्किंगचं तेलकट पाणी थेट बोअरमध्ये सोडणं वेगळं. दुसरं कधीही करू नका. ते पाणी मातीतूनच जाऊ द्या.

खर्चाचा ठराव मांडताना सगळ्या पाइपांचा एकदम मांडू नका. एका डाउनटेक पाइपची एक बाग करा, एक पावसाळा सगळ्यांना बघू द्या. मग पुढच्या वार्षिक सभेत दुसरी मागा. आणि बाग गेटच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला करायची असेल, कर्ब, म्हणजे कडेचा उंच काठ, फोडून रस्त्याचं पाणी आत घ्यायचं असेल, तर ती जागा सोसायटीची नाही. तुमच्या विभागीय कार्यालयात, म्हणजे पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको, सातपूर यांपैकी जे असेल तिथे, लेखी अर्ज देऊन बांधकाम विभागाची परवानगी घ्या. स्केच जोडा. तोंडी ‘करा हो’ वर काम सुरू केलं तर पुढच्या रस्तादुरुस्तीत सगळं उखडलं जातं. सिंहस्थाच्या कामांच्या काळात तर विशेष जपा, कुठला रस्ता कधी खणला जाईल सांगता येत नाही.

रो-हाउस किंवा जुन्या गावातलं घर असेल तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही. पागोळीखाली दोनशे लिटरचा ड्रम, त्याला तळाशी तोटी, वर जाळी. ड्रम भरला की नळीने एखाद्या वाफ्यात. ड्रम दर पावसानंतर रिकामा करायचा, भरलेला ड्रम पुढच्या सरीला काही कामाचा नाही.

पहिलं वर्ष

मोठ्या पावसानंतर चोवीस तासांनी बागेत जाऊन बघा. पाणी आहे का, किती आहे, तारखेसकट फोटो. वॉचमनला सांगितलं तर तोही करतो, पण सांगावं लागतं. वाळलेली पानं काढा, आत येणारी वाट मोकळी ठेवा. गाजर गवत आणि घाणेरी फुलायच्या आत उपटा. माळी नेहमीच्या सवयीने खळगा मातीने भरून सपाट करायला बघतो, सुंदर दिसावा म्हणून. त्याला पहिल्या दिवशीच बाग बशीसारखी का ठेवली आहे ते समजावून सांगा, आणि माळी बदलला की परत सांगा.

गणपतीच्या सुमारास गाळाचा छोटा खळगा एकदा उपसा, हस्ताचा पाऊस संपला की दुसऱ्यांदा. दिवाळीनंतर वाळा आणि गवती चहा छाटा. मार्चपासून जूनपर्यंत आठवड्यातून दोनदा पाणी द्या, फक्त पहिल्या उन्हाळ्यात. एसीचं पाणी एका बादलीत गोळा केलं तर त्यावरही भागतं. दुसऱ्या उन्हाळ्यात मुळं खाली गेलेली असतात.

पाणी जिरायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतोय असं फोटोंवरून दिसलं तर पूर्ण बाग उकरायची घाई करू नका. बहुधा वरचे दोन-तीन इंच चोंदलेले असतात. उन्हाळ्यात तेवढा थर खरवडून काढा, नवीन वाळू-कंपोस्ट घाला आणि खड्ड्याची तीच परीक्षा परत करा. आकडा १२ च्या वर आला की बास. नाही आला तर तळाच्या पाइपचं झाकण उघडून त्यात पाण्याचा फवारा मारा आणि दुसऱ्या टोकाला पाणी येतंय का ते बघा.